जुना नोकिया ११००: वाचकांचे प्रश्न

नोकिया ११०० हा फोन २००३ मध्ये आला आणि पुढे जगभरात पंचवीस कोटींहून अधिक विकला गेला. नोकियाने विकलेला शंभर कोटीवा फोनही हाच होता. २००५ मध्ये तो नायजेरियात विकला गेला. कपाटात ठेवलेला हा फोन पुन्हा वापरात आणू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. त्यातले नेहमी विचारले जाणारे इथे घेतले आहेत. बरीचशी उत्तरं त्या काळच्या बटणांच्या इतर फोनांनाही लागू पडतात.

प्रश्न: घरात एक ११०० चांगल्या स्थितीत आहे. नवी बॅटरी घालून वापरायचा विचार आहे. आज तो चालेल का?

उत्तर: बॅटरीवर पैसे घालण्याआधी नेटवर्क तपासा. हा फोन फक्त जीएसएमवर, म्हणजे २जीवर चालतो. त्याचा रेडिओच तेवढ्यापुरता बनवलेला असल्यामुळे सॉफ्टवेअर बदलून त्याला ३जी किंवा ४जी पकडता येत नाही. सिंगापूरने २०१७ मध्ये २जी बंद केलं. जपान आणि दक्षिण कोरियात जीएसएम कधी नव्हतंच. तुमच्या सिमची कंपनी फक्त ४जी-५जी चालवत असेल, तर फोन कितीही उत्तम असला तरी त्यावर नेटवर्कची रेघ येणार नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. जे सिम वापरायचं ते आधी एखाद्या स्मार्टफोनमध्ये घाला. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कखाली नेटवर्कचा प्रकार निवडता येतो, तिथे 'फक्त २जी' निवडा. दोन-तीन मिनिटं थांबून एक फोन लावा, एक घ्या, एक संदेश पाठवा. हे घरात करून थांबू नका. जिथे जिथे हा फोन नेणार तिथेही करून बघा. २जी चालू असलेल्या ठिकाणीसुद्धा त्याचे मनोरे आता विरळ झालेले असू शकतात.

दुसरी गोष्ट बॅटरीखालच्या चिठ्ठीवर वाचा. ११०० हा ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर चालतो, तर ११००बी हा अमेरिका खंडांसाठीचा, ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झचा. दिसायला दोन्ही सारखेच. जुना फोन दुरून मागवणारे बहुधा इथेच फसतात.

मग सिम. या फोनची जागा २५ बाय १५ मिलिमीटरच्या सिमसाठी आहे, आणि आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं. मधे प्लास्टिकची चौकट लागते. रिकामी चौकट फोनमध्ये कधीही सरकवू नका: आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या चौकटीच्या भोकात अडकतात आणि ती ओढून काढताना वाकतात. नॅनो सिम जुन्या सिमपेक्षा जरा पातळही असतं, ०.७६ ऐवजी ०.६७ मिलिमीटर. त्यामुळे सिमचा स्पर्श कच्चा राहतो आणि फोन हलला की 'सिम घाला' अशी सूचना येते-जाते. सिमच्या मागच्या बाजूला, सोनेरी बाजूला नव्हे, साध्या चिकटपट्टीचा एक थर लावला की ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

प्रश्न: फोन दहा-बारा वर्षं बंद होता. चार्जर लावला तरी पडदा कोराच. फोन गेला का?

उत्तर: बहुतेक वेळा फोन ठीक असतो, बॅटरी गेलेली असते. आधी बॅटरी बाहेर काढा आणि काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर आडवी ठेवून बोटाने फिरवा. ती भोवऱ्यासारखी फिरली तर पोट फुगलेलं आहे. अशी बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका; इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

सपाट असेल तर मल्टिमीटर लावा. या फोनच्या बीएल-५सी बॅटरीला तीन पट्ट्या असतात. कडेच्या दोन धन आणि ऋण, त्यांच्या खुणा बॅटरीवर छापलेल्या असतात. मधली पट्टी बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते फोनला कळवण्यासाठी असते. कडेच्या दोन पट्ट्यांवर ३.६ ते ४.२ व्होल्ट दिसले तर बॅटरीत जीव आहे. शून्य दिसलं म्हणून मात्र लगेच फेकू नका. आतला सेल अडीच व्होल्टच्या आसपास उतरला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट दार बंद करतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. योग्य चार्जर लावून वीस-तीस मिनिटं वाट पाहा, आणि तेवढा वेळ जवळ थांबा. बॅटरीच्या रेघा हलू लागल्या तर ठीक. बॅटरी गरम झाली किंवा अर्ध्या तासातही काही हललं नाही, तर नवीच घ्या.

'योग्य चार्जर' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. या फोनला नोकियाची जाड, ३.५ मिलिमीटरची गोल पिन लागते. नंतरच्या नोकियांची पिन २ मिलिमीटरची, बारीक. बारीक पिनेचा नोकिया चार्जर याला बसत नाही. सीए-४४ नावाचा छोटा जोड मिळतो, तो उलट कामाचा आहे: जाड पिनेचा चार्जर बारीक पिनेच्या फोनला लावण्यासाठी. पण पिन बसते म्हणून एखाद्या रेडिओचा नऊ किंवा बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर फोनमधलं चार्जिंगचं सर्किट जळण्याची वेळ येते.

एक वेगळी तक्रारही बरेच जण करतात. नुसता ठेवला तर फोन दोन दिवस चालतो, पण कॉल लावला की लगेच बंद पडतो. हाही बॅटरीचाच दोष आहे. जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, वाढलेला असतो. नुसत्या वाट पाहण्याला थोडा प्रवाह पुरतो, पण बोलताना फोन क्षणाक्षणाला मोठे झटके घेतो, मनोरा दूर असेल तर दीड अँपियरच्या आसपासचे. त्या झटक्यात व्होल्ट कोसळतात आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. पडद्यावर मात्र तोवर बॅटरी भरलेली दिसते.

नवी घेताना क्षमता वाचा. मूळची बीएल-५सी ८५० मिलिअँपियर-तासांची होती, नंतर ९७० आणि १०२० च्या आल्या. त्याच मापात अडीच-तीन हजारांचा आकडा छापलेला दिसला तर तो खोटा आहे, आणि जो आकडा खोटा छापतो तो आतलं संरक्षक सर्किट नीट बसवेल यावर आमचा विश्वास नाही. मूळ नोकियाची जुनी बॅटरी हाती असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत नोकियाने ऑगस्ट २००७ मध्ये इशारा दिला होता. चार्ज होताना आत शॉर्ट होऊन त्या तापण्याची शक्यता होती. त्या काळातली बॅटरी आज वापरण्यात तसाही काही अर्थ नाही.

प्रश्न: हे फोन एका चार्जिंगवर आठवडा-आठवडा चालत. यामागे नेमकं कारण काय?

उत्तर: कंपनीचा दावा चारशे तासांपर्यंतचा होता, तोही नुसत्या वाट पाहण्याचा. पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, एकरंगी. बाहेरच्या उजेडावर तो वाचता येतो, मागचा दिवा थोडाच वेळ लागतो. पण खरी बचत रेडिओत आहे. फोन सतत ऐकत बसत नाही. 'माझ्यासाठी कॉल आहे का' हे पाहायला तो अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या ठरलेल्या अंतराने क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपतो. हे अंतर नेटवर्क ठरवतं. म्हणून तोच फोन, तीच बॅटरी, पण दोन कंपन्यांच्या सिमवर टिकण्यात फरक पडू शकतो.

मनोऱ्याचं अंतर आणखी महत्त्वाचं. ९०० मेगाहर्ट्झवर हा फोन गरजेप्रमाणे काही मिलिवॉटपासून २ वॉटपर्यंत ताकद लावतो, आणि किती लावायची ते मनोरा सांगतो. तळघरात किंवा जाड भिंतींच्या खोलीत बोललात तर बॅटरी पटकन उतरते. जिथे रेघच नाही तिथे फोन नेटवर्क शोधत राहतो. अशा जागी काही तास काढायचे असतील तर तो सरळ बंद ठेवा.

प्रश्न: फोन वाजण्याआधी जवळच्या रेडिओतून आणि स्पीकरमधून टिट-टिट असा आवाज येतो. फोन बिघडला आहे का?

उत्तर: नाही. जीएसएममध्ये एका लहरीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात. तुमच्या फोनची पाळी दर ४.६१५ मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा तो चालू-बंद होतो. हे झटके स्पीकरच्या तारेत शिरतात आणि कानाला ऐकू येतात. घंटी वाजण्याआधी फोन मनोऱ्याला उत्तर देतो, म्हणून आवाज आधी येतो. फोन स्पीकरपासून मीटरभर लांब ठेवा.

प्रश्न: बँकेचे संदेश कधी येतात, कधी येत नाहीत. मराठी संदेशाच्या जागी नुसते चौकोन दिसतात.

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत.

संदेश न येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे भरलेली जागा. ११०० मध्ये साधारण पन्नास संदेश मावतात, आणि ते भरले की पाकिटाचं चिन्ह लुकलुकू लागतं. त्यानंतरचे संदेश फोनपर्यंत येत नाहीत, कंपनीच्या संदेश-केंद्रात थांबतात. मुदत संपली की तिथूनही पुसले जातात. बँकेचा सांकेतिक आकडा (ओटीपी) तर काही मिनिटांतच निरुपयोगी होतो, त्यामुळे जागा नंतर मोकळी करून फायदा नाही. दर आठवड्याला आलेले आणि पाठवलेले, दोन्ही कप्पे रिकामे करायची सवय लावा. आई-वडिलांना फोन देणार असाल तर भेटीला गेल्यावर हे काम स्वतः करा. जाहिरातींचे संदेश येणं कंपनीकडे सांगून थांबवलंत तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

चौकोन दिसतात कारण त्या फोनमध्ये देवनागरी अक्षरं भरलेली नाहीत. अशा फोनवर मजकूर वाचायचा काही उपाय नाही. पाठवणाऱ्याला रोमन लिपीत लिहायला सांगा, आणि बँकेतही संदेशाची भाषा बदलून घ्या. एका संदेशाची जागा १४० बाइटची असते. रोमन अक्षरं त्यात १६० मावतात, देवनागरी फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात: 'क्षेत्र' एवढ्या शब्दाला सात जागा लागतात. संदेश लांबला की तुकडे पडतात आणि जोडणीच्या खुणेसाठी प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरं उरतात. रोमन मजकुरात एक देवनागरी अक्षर घातलं तरी अख्खा संदेश ७० च्या हिशेबात जातो.

प्रश्न: वडिलांसाठी टॉर्च आणि गजर, एवढ्या दोनच सोयी हव्या आहेत. त्या कशा वापरायच्या?

उत्तर: कळफलक उघडा असताना 'सी' बटण दाबून धरलं की टॉर्च लागते आणि बोट उचललं की विझते. लागोपाठ दोनदा दाबलं तर लागून राहते, पुन्हा दाबलं की बंद. कळफलकाला कुलूप असेल तर टॉर्च लागत नाही, हे वडिलांना आधी सांगा. अंधारात घाईने 'सी' दाबत राहतात आणि फोन बिघडला असं वाटतं. कुलूप काढायला मधलं मोठं बटण आणि लगेच तारा (*) दाबा.

गजर फोन बंद असतानाही वाजतो. ठरलेल्या वेळी फोन आपोआप चालू होतो. रात्री फोन बंद ठेवणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. गजर थांबवल्यावर फोन सुरू ठेवायचा का, असं तो विचारतो. विमानात किंवा रुग्णालयात असाल तर 'नाही' म्हणा. बॅटरी काढून घातली असेल तर मात्र घड्याळ आधी तपासा. वेळ चुकली की गजरही चुकतो.

प्रश्न: यातले नंबर नव्या फोनमध्ये कसे न्यायचे?

उत्तर: ११०० ला तारही जोडता येत नाही आणि ब्लूटूथही नाही. सिम हीच वाट. नावांच्या यादीतून 'कॉपी' निवडा, फोनमधून सिमवर, मग सिम नव्या फोनमध्ये घालून 'सिमवरून आयात' करा. फोनच्या स्वतःच्या स्मृतीत पन्नास नावं मावतात, सिमवर साधारण अडीचशेपर्यंत. सिमवर नावाला जागा कमी, बहुधा चौदा-पंधरा अक्षरं, त्यामुळे लांब नावांचं शेपूट तुटतं. 'रमेश काका पुणे' आणि 'रमेश काका पुणे दुकान' मग एकसारखे दिसू लागतात. नेण्याआधी अशा नावांत वेगळेपण पुढे आणा. मूळ फोनमधली यादी लगेच पुसू नका. नव्या फोनवर सगळे नंबर मोजून झाले की पुसा.

प्रश्न: फोन चालू केल्यावर कधी 'पिन' मागतो, कधी 'सुरक्षा संकेत'. कुठे काय टाकायचं?

उत्तर: पिन सिमचा, सुरक्षा संकेत फोनचा. नोकियाचा मूळ सुरक्षा संकेत १२३४५ असतो. कोणी बदलला नसेल तर तोच चालतो. पाचदा चुकला तर फोन पाच मिनिटं काही ऐकत नाही, तेवढं थांबा. पिनच्या बाबतीत मात्र सावध राहा. तीनदा चुकला की सिम पुक, म्हणजे अडकलेलं सिम उघडणारा आठ आकडी संकेत, मागतं. तो सिमसोबत आलेल्या कार्डावर असतो किंवा कंपनी ओळख पटवून देते. पुक दहादा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. तिथे अंदाजाने काहीही टाकून बघू नका.

प्रश्न: मी उचलला नाही तर कॉल मुलीकडे जावा, असं या फोनवर करता येतं का?

उत्तर: हो. हे काम फोन करत नाही, नेटवर्क करतं, म्हणून साध्यात साध्या फोनवरही जमतं. **६१*मुलीचा नंबर**२०# असं टाकून कॉलचं बटण दाबा. वीस सेकंद वाजल्यावर कॉल तिच्याकडे जाईल. ही वेळ ५ ते ३० सेकंदांत, पाचच्या पटीत ठेवता येते. फोन बंद किंवा नेटवर्कबाहेर असेल त्या वेळेसाठी सुरुवातीला **६२*, व्यस्त असेल तेव्हासाठी **६७*. वळवलेल्या कॉलचे पैसे तुमच्या नंबरला लागू शकतात, ते कंपनीकडे आधी विचारा.

नोकियावर तारा झटपट दोनदा दाबला तर दोन ताऱ्यांऐवजी अधिकचं चिन्ह येतं. म्हणून पहिल्या ताऱ्यानंतर क्षणभर थांबून दुसरा दाबा. 'संकेत चालत नाही' असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच चुकलेलं असतं.

सगळं रद्द करायला ##००२#. हा संकेत घरातल्या प्रत्येकाच्या वहीत लिहून ठेवा. कोणी अनोळखी माणूस फोनवर तारा आणि २१ ने सुरू होणारा संकेत दाबायला सांगत असेल, तर तो तुमचे सगळे कॉल स्वतःकडे वळवायला बघतो आहे. त्यात बँकेचा सांकेतिक आकडा बोलून दाखवणारे कॉलही येतात. शंका आली तर *#२१# टाकून स्थिती बघा.

प्रश्न: यात स्वतःची धून बनवता येते म्हणतात. सरगम येते, पुढे काय?

उत्तर: सरगम येत असेल तर काम निम्मं झालं. कंपोझरमध्ये, म्हणजे फोनमधल्या धून बनवायच्या सोयीत, १ ते ७ या बटणांवर सा रे ग म प ध नी असं ओळीने समजा. ८ ने सुराची लांबी कमी होते, ९ ने वाढते, ० म्हणजे विश्रांती, ताऱ्याने सप्तक बदलतं. # ने सूर अर्धा चढतो: तीव्र मध्यमासाठी ४ मग #. कोमल स्वरांसाठी आधीचा स्वर चढवा, कोमल गंधारासाठी २ मग #, कोमल निषादासाठी ६ मग #. ३ आणि ७ यांना # लागत नाही, कारण त्यांच्यापुढचा स्वर अर्ध्या सुरावरच आहे. एका वेळी एकच सूर वाजतो, मींड येत नाही. म्हणून ठेक्यावर चालणाऱ्या, सुटे सूर असलेल्या चाली निवडा.

प्रश्न: ५ आणि ८ ही बटणं फार जोरात दाबावी लागतात. बदलता येतात का?

उत्तर: आधी स्वच्छता करून बघा. फोन बंद करून चार्जर, मागचं झाकण आणि बॅटरी काढा, मग पुढचं झाकण कडेने हलकेच सोडवा. बटणांची रबरी चटई कोमट साबणपाण्यात धुऊन रात्रभर सुकू द्या. तिच्याखाली पारदर्शक पापुद्र्याखाली धातूच्या छोट्या घुमट्या असतात. दाबल्यावर टक होतं ते त्याच. पापुद्रा सोलू नका. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा वरून फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. बोटाने थेट घुमटी दाबून बघा. टक होत असेल तर दोष चटईत, नवी चटई बसवा. टक होत नसेल तर घुमटी बसली आहे आणि तो सगळा पापुद्राच बदलावा लागतो. ते काम जाणत्या कारागिराकडे द्या.

फोन पाण्यात पडला असेल तर हीच कृती, पण तातडीने, आणि सगळ्यात आधी बॅटरी काढून. तांदळात ठेवल्याने आतला क्षार निघत नाही. ओल्या पट्ट्यांमधून वीज वाहत राहिली की त्यांवर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज चढतो, म्हणून फोन सुकला असं वाटलं तरी आतून पुसून होईपर्यंत चार्जर लावू नका.